यादीत न आलेले मोघेकाका

मोघेकाकांबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकते. मला त्यांचा भारी राग यायचा. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण एकदा तुमची कुणाशी गाठ घालून दिली की स्वतः गायब. लग्नानंतर माझं रेशनकार्ड बदलायचं होतं. तिथला बाबू त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणून मला घेऊन गेले आणि त्याला म्हणाले, ही आमची बिटिया, हिचं काम करून दे. बाबूने खुर्ची पुढे केली, मी बसले, वळून बघते तर काका नाहीत. वाटलं, बाहेर उभे असतील. काम उरकल्यावर त्यांना शोधत मी भर उन्हात अर्धा तास वणवण केली, आणि हे घरी पोचून, जेवून, वामकुक्षी घेत होते. दुसऱ्या दिवशी तावातावाने जाब विचारला तर म्हणतात, "तुझं काम झालं ना? मग मी तिथे उभा राहून काय करणार होतो?"

आता यावर काय बोलायचं? कप्पाळ!

काका जाऊन दोन हिवाळे झाले. त्यांचं चरित्र मला लिहायचं नाही. त्यात लिहिण्यासारखं फार काही नाहीही: पॉलिटेक्निकात तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी, लग्न केलं नाही, थोरल्या भावाच्या कुटुंबात एक खोली, ऑक्टोबर लागला की अंगावर बिनबाह्यांचा करडा स्वेटर. पण त्यांच्या शेवटच्या वर्षात जे झालं ते मला जवळून ठाऊक आहे, आणि ते कुणीतरी एकदा सरळ सांगायला हवं.

झाशीत मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक आम्ही रेल्वेवाले. वडिलांची भुसावळहून बदली झाली, क्वार्टर मिळालं आणि इथलेच होऊन गेलो. दुसरे काकांसारखे, ज्यांचे पूर्वज फौजेबरोबर आले आणि राहिले. किती पिढ्या झाल्या ते विचारलं तर काका बोटं मोजायला लागत आणि मध्येच सोडून देत. त्यांच्या घरात अजून कपाटाला फडताळ म्हणत, आणि त्याच वाक्यात "मला मालूम आहे", "आज तबियत ठीक नाही", "जरा ठहर" हेही येई. माझी आई तोंडाला पदर लावून हसायची. काकांच्या ते लक्षात यायचं. ते म्हणायचे, "वहिनी, तुमची मराठी रेल्वेने आली, आमची घोड्यावरून आली. वाटेत थोडी सांडली असेल."

रिटायर झाल्यावर ते आमच्या कंपनीत आले. कंपनी कसली, इलाइट चौराह्याच्या मागे मिठाईच्या दुकानावर तीन खोल्या. आम्ही डबे बनवतो. पाण्याची मोटर, शीतगृह, बॉयलर, जे जे वेळेवर चालू आणि वेळेवर बंद व्हायला हवं त्याला जोडायचा डबा. आत एक चिमुकली चिप आणि चिपमध्ये सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. मालकांना सगळे भाईसाहब म्हणतात. मी तयार डबे तपासते. सी मला येत नव्हती, ती काकांनी शिकवली. रोज जेवणानंतर वीस मिनिटं, न चुकता, मी कितीही कुरकुर केली तरी.

प्रोग्राम म्हणजे लहान लहान कामं. प्रत्येक कामाला एक नाव द्यावं लागतं, त्याला फंक्शन म्हणतात. सगळं जग इंग्रजी नावं देतं. काका मराठी द्यायचे. बघ, मोज, तपास, कळव. भाईसाहबांनी एकदा कुरकुर केली की उद्या हे कोण वाचणार. काका म्हणाले, चिप वाचेल, तिला सगळ्या भाषा सारख्याच. भाईसाहबांनी ते चालवून घेतलं, कारण गावात काकांच्या नावाला वजन होतं आणि गिऱ्हाइकासमोर "मोघेजी के हाथ का काम है" एवढं म्हटलं की अर्धं काम होत असे.

मग नीलू आली. बेतवा नदीकाठच्या एरच गावची मुलगी, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली. वडील वारलेले, दोन भाऊ. भावांचा नोकरीला विरोध होता, तरी हट्टाने झाशीत खोली घेऊन राहिली. बोलायला फटकळ, डोकं कसं, तर काकांच्या तोडीचं. हे मी उगाच म्हणत नाही, काका स्वतः म्हणायचे. तिने पहिल्याच आठवड्यात काकांना सुनावलं की तुम्ही मराठी नावं देता तर मी हिंदी देणार. काका खूष झाले. तेव्हापासून आमच्या प्रोग्राममध्ये मराठी नावं काकांची आणि हिंदी नावं नीलूची, हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत झालं. बॉयलरच्या डब्यात आग विझवण्याचं फंक्शन नीलूने लिहिलं. त्याचं नाव बुझा.

एकदा दुपारी काकांनी आम्हा दोघींना बडा बाजारात नेलं. निमित्त पितळी डब्याच्या झाकणाचं. पहिल्या दुकानदाराने आम्हाला बसवलं आणि माणूस शेजारच्या दुकानात पिटाळला. शेजाऱ्याकडे नव्हतं, त्याने आपला माणूस पुढे पिटाळला. आम्ही बसलोय, दुकानदार थांबलाय, शेजारी थांबलाय. काका बोटांवर मोजत होते. "बघा, किती जण अडकून पडले. प्रत्येकाकडे निरोप परत यायचाय, म्हणून प्रत्येकाने जागा अडवून ठेवली." मग झाकण येण्याआधीच ते उठले, आणि आम्ही दुकानदाराची बोलणी खात त्यांच्या मागे. पुढच्या दुकानात एक म्हातारबाबा होते. त्यांनी सांगितलं की झाकण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, तो थेट तुमच्याच हातात देईल, माझ्याकडे परत यायची गरज नाही. एवढं बोलून त्यांनी शटर ओढलं आणि जेवायला गेले. काकांना असा आनंद झाला की विचारू नका.

त्यांचं म्हणणं असं. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा परत कुठे यायचं त्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवतं. दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावलं की आणखी एक चिठ्ठी. चिठ्ठ्यांची चळत वाढत जाते, आणि आमच्या चिपमध्ये जागा म्हणजे जेमतेम. पण एखाद्या फंक्शनचं अगदी शेवटचं काम दुसऱ्याला बोलावणं एवढंच असेल, तर त्याला परत येऊन करायचं काय आहे? त्याची चिठ्ठी हवी कशाला? आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत करून देणारा कंपायलर हे ओळखतो. त्याला काटकसर करायला सांगितलं असेल तर तो ती जागा मोकळी करतो, आणि पुढचा थेट मूळ बोलावणाऱ्याला जबाब देतो. याला टेल कॉल म्हणतात. सी भाषा याची हमी देत नाही, कंपायलर करील तर करील. काकांनी बॉयलरचा सगळा प्रोग्राम या भरवशावर बसवला होता, आणि तो बसला होताही छान.

नीलूने त्या रस्त्यातच विचारलं होतं, "और सर जी, कोने वाले ने गलत चीज़ पकड़ा दी तो? हम तो उसी की गर्दन पकड़ेंगे. भेजने वाला तो शटर गिराके चला गया."

काका म्हणाले, म्हणूनच पाठवणाऱ्याने नीट बघून पाठवावं. हा त्यांचा लाडका नियम. सोपवणाऱ्याने तपासायचं, घेणाऱ्याने पुन्हा पाकीट फोडून बघायचं नाही. एकच गोष्ट दोघांनी तपासली तर जागा वाया, वेळ वाया, आणि शेवटी दोघेही एकमेकांवर विसंबून राहतात. या नियमापायी ते फार कडक असत. आम्ही लिहिलेलं ते कागदावर छापून घेत आणि लाल पेनाने दुरुस्त करत. पडद्यावर त्यांना वाचताच येत नसे. नीलूचं बुझा तपासायला आलं तेव्हा मी तिथेच डबे पुसत बसले होते. तिने पहिल्या दोन ओळींतच लिहिलं होतं की तापमानाच्या नोंदीचा पत्ता, म्हणजे ती नोंद चिपमध्ये कुठे ठेवलीय ते, रिकामा आला तर काही न वाचता आधी आग बंद कर. काकांनी त्या ओळींवर लाल रेघ मारली. नीलू भांडली. म्हणाली, दोन ओळींनी काय बिघडतं? काका म्हणाले की त्या दोन ओळी माझ्या तपासमध्ये असतील, मी बघूनच तुझ्याकडे पाठवीन, तू डोळे मिटून आग बंद कर. नीलूने पाय आपटले आणि ओळी काढून टाकल्या.

तपासमध्ये त्या दोन ओळी काकांनी लिहिल्या नाहीत. का राहिल्या ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. राहिल्या एवढं खरं.

रानीपूरकडे एका रंगाईच्या कारखान्यात आमचा डबा बॉयलरला लावलेला होता. एक दिवस तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार निखळली. तपासने ते बरोबर ओळखलं, काहीतरी बिघडलंय, आग विझवायला हवी, म्हणून त्याने शेवटच्या ओळीत बुझाला बोलावलं आणि नोंदीचा पत्ता हाती दिला. पत्ता रिकामा. बुझाने तो वाचायला घेतला आणि प्रोग्राम तिथेच गचकला. आग चालूच राहिली. सेफ्टी वॉल्व उडाला, आणि बाजूला उभ्या असलेल्या कारागिराचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत वाफेने सोलून निघाला. जीव वाचला. तो हात मी नंतर पाहिला आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

असा प्रोग्राम कोसळला की डबा चिठ्ठ्यांची शेवटची चळत आतल्या मेमरी कार्डावर उतरवून ठेवतो, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं होतं त्याची यादी. ती यादी भाईसाहबांच्या टेबलावर आली. त्यात दोनच नावं होती. मेन, म्हणजे प्रोग्रामचा मुख्य भाग, आणि त्याच्याखाली बुझा. तपासचं नाव नव्हतं, कारण त्याची चिठ्ठी काटकसरीत गेली होती. एरवी कुणाला शंका आली असती, पण हाताने लाल बटण दाबलं तर मेन थेट बुझाला बोलावत असे, त्यामुळे यादी दिसायला अगदी बरोबर होती. शिवाय नाव हिंदी. भाईसाहबांनी कागद बघितला, मान वर केली आणि म्हणाले, ही तर नीलू.

काकांनी ती यादी मागून घेतली. यादीत नावांशेजारी आकडे असतात ते त्यांनी उतरवून घेतले आणि तीन दिवस खोलीत बसून चिपच्या भाषेतला सगळा प्रोग्राम कागदावर हाताने मांडला. चौथ्या दिवशी चौकशी होती. भाईसाहब, त्यांचे वकील, कारखान्याचा एक माणूस, ग्वाल्हेरहून बोलावलेले एक तज्ज्ञ, आणि भिंतीशी नीलू. मला पाणी द्यायला आणि लिहून घ्यायला बसवलं होतं.

काका उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "गलती मेरी है. लड़की की नहीं."

मग त्यांनी समजावलं. इतकं सोपं करून मी त्यांना कधी समजावताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, यादीतल्या नावाकडे बघू नका, शेजारच्या आकड्याकडे बघा. तो परतीचा पत्ता आहे. काम संपल्यावर मेनमध्ये नेमक्या कुठल्या ओळीवर यायचं ते त्यात लिहिलंय. मेनने बटणामुळे बुझाला बोलावलं असतं तर हा पत्ता बटणाच्या ओळीनंतरचा असता. तो तसा नाही. तो त्या ओळीनंतरचा आहे जिथे मेन माझ्या तपासला बोलावतो. म्हणजे मेनने मला बोलावलं होतं. मी पुढे सोपवलं आणि यादीतून पुसला गेलो. रिकामा पत्ता मी दिला. आणि तो झेलायची सोय या मुलीने केली होती, ती मी माझ्या हाताने काढली, हा बघा कागद, ही माझी लाल रेघ.

वकील म्हणाले, लाल पेन नंतरही चालवता येतं. तज्ज्ञ भला माणूस होता. तो म्हणाला, असं होतं खरं, पण याच वेळी झालं का ते तपासायला आठवडा तरी लागेल. भाईसाहबांना आठवडा नको होता. त्यांना कारखान्याला त्याच संध्याकाळी एक पत्र द्यायचं होतं. त्या पत्रात एक नाव हवं होतं आणि ते मोघेजींचं असून चालणार नव्हतं, कारण बाजारात आमच्या प्रत्येक डब्यावर त्यांचंच नाव चालत होतं. मग भाईसाहब माझ्याकडे वळले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "अलकाजी, आप तो इन्हीं की पढ़ाई हुई हैं. आपको कुछ समझ में आया?"

मला सगळं समजलं होतं. अक्षर न् अक्षर. परतीचा पत्ता तर मी काकांच्या कागदावर स्वतः बोट ठेवून पडताळला असता, इतकं समजलं होतं.

मी म्हणाले, "भाईसाहब, इतना गहरा मुझे नहीं आता."

का म्हणाले? घाबरले म्हणून. मिस्टरांची तब्येत, मुलीचं कॉलेज, अशी कारणं मी नंतर पुष्कळ जुळवली, पण ती सगळी मागाहूनची. त्या खोलीत मी फक्त घाबरले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले, आणखी सोपं करून. भाईसाहब मध्येच उठले. दारात वकिलांना हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, की म्हातारा या पोरीत फारच गुंतलाय. चार दिवसांत ते वाक्य खालच्या मिठाईच्या दुकानापर्यंत पोचलं होतं. तोंडाला येईल ते बोलणाऱ्या या लोकांची जीभ झडत कशी नाही, देव जाणे. ज्याने आयुष्यात कुणा बाईच्या डोळ्याला डोळा भिडवून बघितलं नाही त्याच्याबद्दल हे!

नीलूकडून भाईसाहबांनी लिहून घेतलं. सही कर, नाहीतर पोलीस. पत्रात तिचं नाव, तिचा निष्काळजीपणा, आणि तिला काढून टाकल्याची खबर. झाशी ती केवढीशी. नंतर तिने चार ठिकाणी विचारलं, चारी ठिकाणी पत्राची वार्ता आधीच गेलेली. भाऊ आले आणि तिला एरचला घेऊन गेले. मला भेटायला ती आली नाही. बरोबरच आहे.

आणि प्रोग्राम? तो मी दुरुस्त केला. भाईसाहब म्हणाले, "जहाँ लगाना हो लगा दो, बस दुबारा न हो." मी त्या दोन ओळी तपासमध्ये घातल्या. बुझामध्येही घातल्या. डबे आजही विकले जातात.

काकांनी नोकरी सोडली. त्यानंतर वर्षभर त्यांना एकच ध्यास होता, त्या पत्रातलं नाव बदलायचं. त्यांनी एक सोपी गोष्ट केली. कंपायलरला काटकसर न करायला सांगून तोच प्रोग्राम पुन्हा बनवला, तीच तार तोडली आणि तो मुद्दाम कोसळू दिला. आता यादीत तीन नावं आली. मेन, तपास, बुझा. दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापून, लाल रेघेचा कागद जोडून त्यांनी गठ्ठे केले. एक कारखान्याला, एक कामगार कचेरीत, एक भाईसाहबांना, एक वकिलांना. प्रत्येकाच्या वर आपल्या सुवाच्य अक्षरात, "दोषी मैं हूँ." कचेरीतल्या बाबूने गठ्ठा परत केला आणि सांगितलं, बाबूजी, लोक इथे आपण निर्दोष आहोत म्हणून अर्ज करतात, तुमच्यासाठी आमच्याकडे खिडकीच नाही. काका हे मला हसत सांगायला गेले, आणि त्यांना हसता आलं नाही. स्वेटर अंगावर लोंबायला लागला होता. ते रस्त्यात कुणालाही थांबवून समजावत. बडा बाजारात लोक त्यांना बघून दुकानात शिरत, आणि एकदा, खोटं कशाला बोलू, मीही शिरले.

एरचला ते दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा भावांनी दारातूनच सांगितलं, नीलू घरात नाही. तिसऱ्या वेळी मला म्हणाले, तू बरोबर असलीस तर तिला बाहेर येऊ देतील. मी नाही म्हणू शकले नाही. मध्ये एकदा बस बदलून, धक्के खात अडीच तास. काकांनी मांडीवरून लॅपटॉपची पिशवी हलवली नाही. बेतवा दिसली तेव्हा मी म्हणाले, किती पाणी आहे. ते म्हणाले, बॅटरी दोन तास चालेल ना गं?

या वेळी खरंच आत घेतलं. नीलूच्या आईने पाणी आणलं. नीलू डोक्यावरून ओढणी घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली. वाळली होती. काकांनी खाटेवर लॅपटॉप उघडला, आधी दोन नावांची यादी दाखवली, मग काटकसर बंद करून तीन नावांची. तपास या नावावर बोट ठेवून म्हणाले, "देखो बेटा, ये मैं हूँ. मैं यहाँ था."

नीलूने पडद्याकडे एकदाच बघितलं. तिने हळू आवाजात सांगितलं की हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी बटण कुणी दाबलंच नव्हतं, तेव्हा मेनने तिच्या बुझाला थेट बोलवायचा प्रश्नच नव्हता. ती वाट बघत होती. तिला वाटलं होतं, सर स्वतः बोलले की मानतील. सर बोलले, आणि कुणी मानलं नाही. मग तिने सही केली.

काकांनी विचारलं की आता मी काय करू, ते सांग.

"आप मत आया करो सर जी," ती म्हणाली. "रिश्ता तय हुआ है. उनको बताया है कि नौकरी हमने अपने मन से छोड़ी. आप आते हो तो मोहल्ला पूछता है, लड़की ने ऐसा का कर दओ कि मास्टर बार-बार आत हैं."

हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती दारापर्यंत येऊन काकांच्या पाया पडली, आणि काका मागे सरकले, जवळजवळ पडलेच. माझ्याकडे तिने बघितलं. नुसतं बघितलं.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले. शेतं गेली, एक गाव गेलं, दुसरं गेलं. मी त्यांना दाणे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. झाशी जवळ आली तसे ते माझ्याकडे वळले.

"अलका, त्या दिवशी चौकशीत मी सांगत होतो, ते तुला समजलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललेच होते.

"समजलं होतं काका. सगळं समजलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावतील, निदान विचारतील की मग का बोलली नाहीस, म्हणून मी अंग चोरून बसले. ते म्हणाले, "मला वाटायचं, मला नीट समजावता आलं नाही. वर्षभर तेच घोकत होतो, कुठला शब्द वापरला असता तर निदान एकाला तरी कळलं असतं." मग बाहेर बघत म्हणाले, "शब्द बरोबर होते तर."

इलाइटला बस थांबली. उन्हं उतरली होती, चौराह्यावर नेहमीची गर्दी. मी रिक्षा बघत होते. काकांनी पिशवीतून कागदांचा शेवटचा गठ्ठा काढला, दोन्ही याद्या, आकड्यांचा हिशेब, लाल रेघेचा मूळ कागद, आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे तू ठेव. तुला समजतं." मी घेतला. ते पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडायला लागले, एक टेम्पो त्यांच्यावर ओरडला, ते थांबले, मग पुन्हा चालू लागले, आणि पलीकडच्या माणसांत मला दिसेनासे झाले.

गठ्ठा माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ऑफिसात हजर होते.